अक्कांच्या दोन मराठी

"द्वारी याचक असो वा शत्रू, आधी आसन, मग प्रश्न! ये गं, बस. चप्पल तिकडे काढ."

बंगळुरातल्या राजाजीनगरच्या त्या घरी मी खोली बघायला गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंनी माझं स्वागत असं केलं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. घरमालकीण मराठी आहे एवढंच दलालानं सांगितलं होतं. पण ही मराठी माझ्या ओळखीची नव्हती. मी बावचळून खुर्चीच्या कडेवर टेकले. आतून एक उंच, शांत गृहस्थ आले आणि म्हणाले, "घाबरू नका. नाटकातलं आहे. सगळं नाटकातलंच असतं."

ते यजमान अण्णा आणि त्या वत्सलाक्का. वरची खोली मी त्याच दिवशी घेतली. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातलं. त्यांची रोजची मराठी कन्नडमध्ये चांगली मुरलेली होती. "स्वल्प थांब गं, कुकर होतोय, सरी?" असं त्या मला जिन्यावरूनच सांगायच्या; 'सरी' म्हणजे 'बरं का'. पण त्यांचे वडील इथल्या मराठी मंडळाची नाटकं बसवत. राजेराण्यांची, शापांची, पदांची जुनी नाटकं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही वीसेक वर्षं अक्कांनी त्यांत कामं केली. स्वतःचेच नव्हे, सगळ्यांचे संवाद त्यांना पाठ होते. "मला दोन मराठी येतात," त्या म्हणायच्या, "एक गॅसपुढची, एक पडद्यापुढची."

आणि पडद्यापुढची मराठी त्या गॅसपुढेच वापरायच्या. दूध उतू गेलं की पेपर वाचणाऱ्या अण्णांना ऐकू येई, "सेनापती, आपण निद्रिस्त राहिलात आणि शत्रू वेस ओलांडून गेला!" अण्णा पेपर खाली न करता ओटा पुसायला उठत. त्यांना नाटकाचं काडीचं वेड नव्हतं. बायकोच्या प्रत्येक प्रयोगाला ते पहिल्या रांगेत बसले आणि प्रत्येक प्रयोगाला झोपले, असं अक्का हसत हसत सांगायच्या.

एकदा आम्ही चिकपेटच्या बाजारात साडी घ्यायला गेलो. दुकानदारानं एकच साडी आधी शुद्ध रेशमी म्हणून दाखवली आणि दहा मिनिटांनी घड्या बदलून पुन्हा वेगळ्या नावानं पुढे केली. अक्का गादीवर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "महाराज, सत्याला एकच वस्त्र पुरते. असत्याला मात्र रोज नवे लागते!" दुकानदाराला अक्षरही कळलं नाही, पण सूर बरोबर पोचला. त्यानं मुकाट्यानं ती साडी उचलली आणि आतून खरी रेशमी आणली.

मला वाटायचं, ही एक गंमत आहे. माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं की नुसती गंमत नाही.

आठवड्यातून दोन दिवस मला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसला जावं लागे. बाकीचे दिवस मी खोलीतूनच काम करायची. एका कामात माझ्याकडून मोठी चूक झाली आणि आमच्या टीममधल्या नव्या मुलीवर तिचा ठपका आला. मी गप्प बसले. दोन दिवस जेवण गेलं नाही. अक्कांनी खोदून विचारलं, तेव्हा सांगून टाकलं.

अक्कांनी हातातली भाजी ताटलीत ठेवली. मग म्हणाल्या, "चूक माझी होती, असे म्हणायला सिंहासनावरून उतरावे लागत नाही. उलट त्याने सिंहासन स्थिर होते." आणि लगेच घरच्या आवाजात, "हे राणी म्हणते, दुसऱ्या अंकात. राजा ऐकत नाही. ऐकलं असतं तर नाटक तिथंच संपलं असतं की! उगीच पाच अंक चाललं. तू दुसऱ्यातच संपव, सरी?"

मी तसाच फोन उचलला आणि मॅनेजरला सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली. पण त्या दिवशी पोटभर जेवले.

पुढच्या वर्षी एका सकाळी देवाची फुलं निवडताना अक्कांच्या हातातली परडी खाली पडली. पक्षाघात. जीव वाचला, उजवा हात थोडा अधू झाला, पण वाचा गेली. त्यांना सगळं कळत होतं. शब्द तेवढे सापडत नव्हते. डॉक्टरांनी पेला दाखवून "हे काय?" असं विचारलं की त्या "ते... ते..." म्हणत आणि डोळ्यांतून पाणी काढत. माझं नाव नाही, अण्णांना हाक नाही. अण्णा त्यांच्या पायाशी बसून राहत. काय बोलावं ते त्यांना कधीच सुचत नसे. आजवर दोघांच्या वाटचं अक्काच बोलत आल्या होत्या.

हॉस्पिटलातल्या चौथ्या दिवशी नर्सनं पाण्याचं भांडं लांबच्या टेबलावर ठेवलं आणि ती गेली. पलंगावरून खणखणीत आवाज आला, "सैनिकहो, या तहानेपुढे राज्य तुच्छ आहे!"

अण्णा दचकून उभे राहिले. "काय झालं हिला?"

"पाणी, अण्णा!" मी ओरडले. "पाणी मागतायत त्या!"

वाचेचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी. रोजचे शब्द हरवतात, पण वर्षानुवर्षं घोटलेलं पाठांतर शाबूत राहतं. त्याचाच हात धरून पुढे जायचं.

अक्का घरी आल्या आणि मग त्या घराचा कारभार नाटकावर चालू झाला. पंखा बंद पडला, की "हा वारा कुणाच्या आज्ञेने थांबला?" अण्णांच्या आमटीला, "वनवासात मीठ नव्हते, पण हा तर राजवाडा आहे!" आम्ही हसायचो, अक्काही हसायच्या आणि हसताना त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा.

आधीचं वाक्य कुणी म्हटलं की अक्कांना पुढचं झरझर येतं, हे अण्णांच्या लक्षात आलं. त्यांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली, पिवळ्या पडलेल्या वह्या काढल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या वयात संवाद पाठ करायला घेतले. रोज संध्याकाळी ते राजा, अक्का राणी. अण्णांचा राजा बँकेत अर्ज वाचून दाखवल्यासारखा बोलायचा. अक्का डाव्या हातानं खूण करायच्या: मोठ्यानं! मान वर!

एका संध्याकाळी मी वही धरून बसले होते. अण्णा म्हणाले, "राणी, तू इतकी वर्षे बोलत होतीस आणि मी झोपलो होतो."

मी पान शोधलं. वहीत असं वाक्य नव्हतं.

अक्कांनाही ते ठाऊक होतं. पुढचं वाक्य त्यांना आलं नाही. त्यांनी डावा हात अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

हळूहळू एखादा सुटा शब्द येऊ लागला. "दे." "नको." वाक्य मात्र नाटकातलंच.

सहा-सात महिन्यांनी माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सामान जिन्याखाली ठेवून मी नमस्कार करायला आत गेले. टॅक्सी यायची होती. अण्णांनी राजाच्या थाटात सुरुवात करून दिली, "राणी, पाहुणी निघाली. निरोप द्यावा!"

आम्ही भरतवाक्याच्या तयारीनं उभे राहिलो. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, नाही म्हणून मान हलवली. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. कपाळावर घाम आला.

"जे... जेवून जा."

अण्णा माझ्याकडे वळले. "हे कुठल्या अंकातलं?"

"कुठल्याच नाही, अण्णा."

ते लगबगीनं पानं घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि आतून भांडी पडल्याचा मोठा आवाज आला. मी टॅक्सी रद्द केली आणि पाटावर बसले. पुण्याची गाडी मला दुसऱ्या दिवशीची मिळाली.