पर्मनंट आसा मरे?

"पर्मनंट आसा मरे?"

पर्मनंट आहे ना, हा प्रश्न विचारताना ते समोरच्याचं मनगट धरत. वैद्य नाडी बघतो तसं, दोन बोटांनी, हलकेच; पण उत्तर मिळेपर्यंत सोडत नसत. गोव्यातल्या आमच्या पेडण्यात नवा बँकवाला येवो, नवा डॉक्टर येवो की देवळात नवा भट येवो, आमच्या वाड्यावरच्या ह्या गृहस्थांच्या हातून त्याचं मनगट सुटलं नाही. नाव सांगत नाही. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे पर्मनंटकाका. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला आयुष्यात एकच शब्द सापडलेला असतो आणि तो सगळं जग त्यातच कोंबत बसतो. माझं दुर्दैव एवढंच, की माझा माणूस शेजारी राहायचा.

मी पेडण्यातच सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि पर्मनंट होतो. त्यामुळे ह्या विषयातला शेवटचा शब्द माझा, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सकाळी दात घासत असलो तरी कुंपणापलीकडून हाक यायची, "रे, अमक्याचो चेडो पर्मनंट जालो काय?" तोंडात फेस घेऊन मी मान हलवायचो. कशीही हलवली तरी पुढचा प्रश्न ठरलेला, "ऑर्डर आयली?"

आता इंग्रजीत हे एक साधं विशेषण आहे. जे टिकतं, ज्याची मुदत संपत नाही, ते पर्मनंट. विशेषण म्हटलं की त्यापुढे एखादं नाम हवं: पर्मनंट नोकरी, पर्मनंट पत्ता. आमच्याकडे ते नाम केव्हाच गळून पडलं. 'मुलगा काय करतो?' ह्या प्रश्नाला 'पर्मनंट आहे' हे पुरेसं उत्तर होतं. तो शिपाई आहे की इंजिनिअर, सरळ आहे की संध्याकाळी तोल जातो, असल्या चौकशा टेंपररी मुलांच्या वाट्याला यायच्या. हा काही एकट्या काकांचा दोष नव्हता, सगळ्या तालुक्याचाच रोग होता. काकांना तो जरा जास्त चढला होता इतकंच.

गुडघा धरला म्हणून एकदा मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या हातात घेतल्या आणि विचारलं, "हे घेतल्यार दुखणें पर्मनंट वतलें?" डॉक्टर म्हणाला, "आता वयाप्रमाणे थोडंफार राहणारच." काकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. "म्हणजे दुखणें पर्मनंट, गुळयो टेंपररी!" घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला त्यांनी हे सांगितलं, आणि मी पिशवी धरून उन्हात उभा.

त्या दिवसांत गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी हा वाद पेटलेला होता. काका देवाशी मराठीत बोलायचे, बायकोशी कोकणीत आणि बैलाशी दोन्हींत. मी वर्तमानपत्र उघडलं की विचारायचे, "शेवटाक खंयची भास पर्मनंट जातली?" मी चिडून म्हणायचो, "काका, भाषा म्हणजे काय नोकरी आहे?" ते अंगणातल्या पोरांकडे बोट दाखवून शांतपणे म्हणायचे, "भुरग्यांक नोकरी खंयचे भाशेंत मेळटली तें सांग, मागीर बोल." मग गोवा घटक राज्य झाला. रेडिओवर बातमी ऐकून काका कुंपण ओलांडून आले. "म्हणजे इतकीं वर्सां आमी टेंपररी आशिल्ले?" मी केंद्रशासित म्हणजे काय ते समजावलं. पुन्हा समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेंच मरे. आतां ऑर्डर आयली." मी कपाळावर हात मारला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये सुलू आली. सुलू ही त्यांची धाकटी मुलगी. आमच्या कचेरीत विनायक नावाचा डिचोलीचा मुलगा होता, नकाशे काढायचा. हात सुरेख, वागणं सुरेख, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. पण टेंपररी. त्याची आणि सुलूची मनं जुळली होती, आणि शब्द टाकायला पाठवलं कोणाला, तर मला.

"पर्मनंट आसा मरे?" काकांनी माझंच मनगट धरलं.

"होईल की, काका. सगळेच होतात."

"जालो काय ये. तोपर्यंत ना."

असं वर्ष गेलं. मी जायचो, मुलाचे गुण सांगायचो, ते ऐकायचे, चहा द्यायचे आणि नाही म्हणायचे. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. एकदा तर मी म्हटलं, "काका, तुम्हाला जावई हवाय की सरकारी शिक्का?"

ते रागावले नाहीत. नुसते आत बघत राहिले. आत त्यांची थोरली मुलगी मुलाला भरवत होती. तिचा नवरा खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर हंगामी. पावसाळ्यात बार्ज बंद, की पगार बंद, की थोरली मुलाबाळांसह माहेरी. दर वर्षी. काका मे महिन्यातच जास्तीचा तांदूळ भरून ठेवायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "उंदीर खातात रे खूब." तिला कोणी टोचून बोलू नये म्हणून हा माणूस उंदरांवर बिल फाडत होता. हे कळलं तरी माझा राग गेला नाही. एकीचं दुःख दुसरीच्या गळ्यात कशाला?

शेवटी सुलूनेच निकाल लावला. मी समोर होतो. चहाचा कप माझ्या हातात देऊन ती बापाकडे वळली.

"बाबा, एक सांग. ह्या घरांत हांव पर्मनंट काय टेंपररी?"

काकांनी खांद्यावरचा पंचा ओढला.

"पर्मनंट आसल्यार लग्नाची गजाल काडूं नाका. आनी टेंपररी आसल्यार, टेंपररीच्या घरांत वचपाक माका कसली लज?"

त्या पंच्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या चेड्याक सांग, आयतारा जेवपाक ये म्हणून."

लग्न झालं. जोडप्याने पेडण्याच्या बाजाराजवळ खोली घेतली. सुलू रोज संध्याकाळी माहेरी एक फेरी मारायची, कधी माशांचं हुमण आणायची, कधी बापाशी भांडून जायची. काका खुशीत होते, पण खोड जाते कुठे? रोज सकाळी कुंपणावरून हाक असायचीच, "आमच्या विनायकाची ऑर्डर?" त्याच्यासाठी त्यांनी ग्रामदेवी सातेरीला नारळ बोलले, मला दर आठवड्याला भंडावलं, एकदा तर थेट साहेबाच्या दारात जाऊन बसले. मी त्यांना हाताला धरून परत आणलं.

आणि ऑर्डर आली. विनायक पर्मनंट झाला. काकांनी वाड्यावर पेढे वाटले. मी ऑर्डर पूर्ण वाचली होती, म्हणून मी पेढा हातातच ठेवला. नेमणूक काणकोणला. गोव्याच्या ह्या टोकाला आम्ही, त्या टोकाला काणकोण. सामान टेम्पोत भरताना काका दोऱ्या आवळत होते, सुटल्या नव्हत्या त्यासुद्धा.

सुलू महिन्यातून एकदा यायला लागली, मग दोन महिन्यांतून. एका संध्याकाळी काका माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"रे," ते हळूच म्हणाले, "ताका परत टेंपररी करपाक जमता?"

इतकी वर्षं ह्या माणसाने मला छळलं, पण असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही हो काका. तसं होत नाही."

"ना मरे?" म्हणाले, आणि गेले. त्यांच्या पाठीकडे बघून मला रडू आलं, आणि आपण रडतोय ह्याचाही राग आला.

श्रावणात काका गेले. सकाळी बसल्या जागी. मी काणकोणला फोन लावला आणि आम्ही सुलूची वाट बघत बसलो. काणकोणहून मडगाव, मडगावहून पणजी, मांडवीवरचा पूल तेव्हा पडलेला म्हणून पणजीला फेरीबोट, मग म्हापसा, मग पेडणं. पावसाची झड चालू होती. थोरलीने आणि तिच्या नवऱ्याने सगळी तयारी केली होती. भटजी दोनदा म्हणाले, काळोख पडायच्या आत उचलायला हवं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी त्यांच्या अंगावर ओरडलो, "ती आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." सगळा वाडा माडाच्या झावळ्यांखाली उभा राहून म्हापशाच्या बसकडे कान लावून होता.

बस आली तेव्हा दिवे लागले होते. सुलू रस्त्यावरून धावत आली, चिखलाने भरलेली. विनायक मागे राहिला. ती कोणाच्या गळ्यात पडली नाही, रडली नाही. सरळ बापाच्या उशाशी जाऊन बसली आणि उशीर झाल्याबद्दल त्याची समजूत घालावी तसं म्हणाली,

"बाबा, फेरीक लायन आशिल्ली रे."