आमच्या आरतीतले स्वीडिश प्रोफेसर

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक स्वीडिश प्रोफेसर राहायचे. एका गणपतीत ते दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, झांजांची तक्रार घेऊन आलेत. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी विचारलं, “रेकॉर्ड करू का?”

गृहस्थ संगीताचे अभ्यासक निघाले. तिकडच्या ओस पडत चाललेल्या चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका कशा गातात, यावर त्यांची डॉक्टरेट. मग बोटींवर, लग्नांत, फुटबॉलच्या मैदानात माणसं एकत्र कशी गातात, यावर जाडजूड पुस्तकं. त्यातलं एक माझ्या नवऱ्याने वाचायला आणलं आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. आता प्रोफेसर इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवत होते आणि त्यांचं शेवटचं पुस्तक एका प्रकरणासाठी अडलं होतं. घरापासून लांब आलेली माणसं एकत्र गातात तेव्हा काय होतं?

काय होणार? बेसूर होतं. आरतीत एका जागी आम्ही एकच अक्षर दम संपेपर्यंत ओढतो. शेवटी आपलाच आवाज उरावा म्हणून सगळ्यांची चढाओढ, आणि दरवर्षी जिंकतात ते शेजारचे अकाउंटंट. देव बिचारा ऐकून घेतो. प्रोफेसरांना नेमकी तीच जागा हवी होती, पण कधी कुकरची शिट्टी आड यायची, कधी एसीची घरघर.

एकदा मोदक वाढताना मी विचारलं, तुम्ही स्वतः काय गाता? म्हणाले, काहीच नाही. लहानपणी चर्चमधल्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून ते ओठच हलवत आले होते. त्या बाईंचा मला इतका संताप आला की मी प्रोफेसरांच्या पानात न विचारता आणखी एक मोदक टाकला.

यंदा त्यांची नोकरी संपली, व्हिसाही संपत आला. रेकॉर्डिंगची ही शेवटची संधी. मी कुकर लावलाच नाही आणि दुबईच्या त्या उकाड्यात एसी बंद केला. “आई, धिस इज टॉर्चर,” लेक म्हणाली. नवऱ्याने प्रोफेसरांच्या हातात झांजा कोंबल्या. “यल्ला, कम ऑन प्रोफेसर, आज नो स्टँडिंग ओन्ली.”

ती जागा आली. एकेक जण गळत गेला, अकाउंटंटसुद्धा. तरी एक आवाज चालूच होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. प्रोफेसर डोळे मिटून, लालबुंद होऊन अक्षर ओढत होते. कुणी हसलं नाही. त्यांचा दम संपेपर्यंत पुढची ओळ कुणी घेतली नाही.

प्रसाद हातात घेऊन त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. त्या जागी आम्ही कुठेच ऐकू येत नव्हतो, सगळीकडे प्रोफेसरांचाच आवाज.

“आता पुस्तकाचं काय?” मी विचारलं.

“खलास,” ते म्हणाले, आणि तेवढीच जागा पुन्हा लावली.