भेंडीची गाडी

आमच्या शिराळ्याच्या शेतकरी गटाच्या शेडात चहा आला की किस्से निघतात. माल कमी आणि किस्से लय, असं आमचं चाललंय.

गट काढला तो एवढ्यासाठी, की दहा-पंधरा गुंठेवाल्यांची भेंडी दलालाकडं न जाता थेट साताऱ्यात घरोघरी भाजी पोचवणाऱ्या एका कंपनीला जावी. कंपनीची अट एकच. लागोपाठ तीन गाड्या नापास, की करार बंद. मी गटाचा सेक्रेटरी, म्हणजे दोन्हीकडून शिव्या मलाच.

*

कंपनीला भेंडी बोटाएवढी पाहिजे. हौसाक्का म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या भेंडीवाल्या. त्यांनी विचारलं, “कुणाच्या बोटाएवढी?”

कंपनीच्या माने साहेबांनी आपलं बोट पुढं केलं. आक्कांनी ते नीट बघितलं.

“आवं, एवढी कोवळी आमी घरात खातो. बाजारात जून जाती.”

*

चेअरमन तात्या रिटायर्ड फौजी. शिट्टी वाजली की ग्रेडिंग सुरू. वाकडी भेंडी बाजूला काढता काढता आक्का वैतागल्या.

“सून बघताना एवढं निरखलं न्हवतं.”

सून शेजारीच बसलेली. मान वर न करता म्हणाली, “म्या तर सासू बघितलीच न्हवती.”

तात्यांनी शिट्टी वाजवून दोघींना वेगळ्या रांगेत बसवलं.

*

पहिल्या गाडीला बाजाराची सवय नडली. वर देखणा माल, खाली उरलासुरला. साहेबांनी क्रेट पालथा केला. नापास.

दुसऱ्या खेपेला आक्कांनी सगळ्यांना शहाणपण शिकवलं. देखणा माल तळाला! “सायेब पालथं करून बघत्यात की.”

त्या दिवशी साहेबांनी नुसतं वरून बघितलं. परत नापास.

*

राहिली तिसरी गाडी. आक्कांनी कराराच्या भरवशावर सगळ्या रानात भेंडीच लावलेली. दलाल तर सांगूनच बसला होता, “परत आलात तर भाव मी म्हणीन तो.”

आणि कंपनीची गाडी यायचा वार आला नेमका नागपंचमीला. आमच्याकडं त्या दिवशी विळा, विळी, खुरपं सगळं बंद. काही तोडायचं नाही, काही चिरायचं नाही. भेंडीला हात लावायला एक बाई तयार होईना.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “माल आला नाही तर तोही नापासच धरावा लागेल.”

आक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला.

“सायेब, तुमी साताऱ्याचंच न्हवं? आज घरात विळी काढली का?”

“नाही हो. आई काढू देत नाही. पुरणाची दिंडं उकडलीत.”

“आन् शेजारी?”

“तिथंही नाही.”

“मग आमची भेंडी आज चिरणार कोण?”



“गाडी उद्या पाठवतो, आक्का.”