अठराच्या खाली नाही

माझ्या आत्याला हट्टी म्हणणं म्हणजे तिची अर्धीच ओळख करून देणं. उरलेली अर्धी अशी, की तिचा हट्ट बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि आमच्या घरी सगळ्यांना राग येतो तो याचाच.

एकतीस वर्षं तिने शीतगृहात काढली. फळं, मासे, औषधं ठेवायच्या त्या अवाढव्य थंड खोल्यांची दारं दुरुस्त करणं हे तिचं काम. पहिल्याच दिवशी फोरमन म्हणाला होता, "बाई, उणे वीसमध्ये तुम्ही आठवडाभरसुद्धा टिकायच्या नाहीत." आत्या टिकली. फोरमनच दुसऱ्या वर्षी गुडघे धरून ऑफिसातल्या खुर्चीत जाऊन बसला. त्या दारांच्या कडेला रबराची पट्टी असते. ती जराशी सैल पडली तरी थंडी बाहेर गळते आणि माल नासतो. आत्या दारात कागदाचा तुकडा धरून दार लावायची आणि कागद ओढून बघायची. सुळकन निघाला की रबर गेलं. यावरून तिचं नाव पडलं रबरबाई, आणि ती ते मोठ्या तोऱ्यात मिरवायची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. निवृत्त झाल्यावर एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि एकटी राहू लागली.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. दिवसभर फोन उचलला नाही म्हणून बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, दार फोडून तिला बाहेर काढलं. डॉक्टरांनी बजावलं, की पहाटे खोली अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये, आणि ते जमत नसेल तर एकटीने राहू नका. बाबांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं.

"या थंडीच्या आधी ताई आपल्याकडे येणार. ते घर विकायचं. विषय संपला."

"विषय तू काढलास, संपवणार मी," आत्या म्हणाली. "थंडी सुरू झाली की दहा दिवस बघ. सकाळी सहाला एकदा जरी अठराच्या खाली गेलं, तरी गाशा गुंडाळून तुझ्याकडे येते."

"रात्रंदिवस हीटर लावून बसशील!"

"संध्याकाळी दोन तास. वर एक मिनिट नाही. माझी पेन्शन काय गल्ली तापवायला आहे?"

रोज तापमान बघायला माझी नेमणूक झाली, कारण मी पलीकडच्याच गल्लीत राहते. मला कोणी विचारलंही नाही. आणि खरं सांगते, मी बाबांच्याच बाजूची होते. दार फोडलं तेव्हा मी तिथे होते. आत्याचे निळे पडलेले ओठ मी पाहिले होते, आणि ते पुन्हा बघायची माझी अजिबात तयारी नव्हती.

आत्याने कंबर कसली. प्रत्येक खिडकीत कागद धरून ओढला आणि जिथे निघाला तिथे रबराची पट्टी चिकटवली. दारांच्या खाली जुन्या चादरींच्या गुंडाळ्या शिवून लावल्या. खिडक्यांना गोधड्यांचे पडदे केले. ऊन आलं की ते उघडायचे आणि ऊन कलायच्या आत ओढून घ्यायचे, असा तिचा कायदा. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढला. स्वयंपाकघरातली जाळी तेवढी उघडी ठेवली. मी काही बोलायच्या आत तिनेच सुनावलं, "गॅस जळतो तिथे हवा लागते. तेवढी अक्कल आहे मला."

सोमवारी एकोणीस. मंगळवारी साडेअठरा. बुधवारी अठरा. गुरुवारी कडाक्याची थंडी पडली आणि पारा सोळावर येऊन बसला.

मी वही घेऊन उभी राहिले. बाबांची बाजू जिंकली होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "अठरा लिहू का?" मी विचारलं.

"खोटं लिहिलंस तर पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस. सोळा लिही."

मी बाबांना फोन केला. "रविवारी बॅग घेऊन येतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता.

आत्या मात्र खुर्चीत बसून दाराच्या खालच्या फटीकडे बघत राहिली. चहा गार झाला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "एकतीस वर्षं मी थंडी कोंडली गं! थंड हवा जड, ती खालून गळते. म्हणून जन्मभर खालीच बघत आले. इथे कोंडायची आहे ऊब. ती वर जाते! चढ त्या स्टुलावर."

दोन खोल्यांमधल्या बोळाच्या छतात, माळ्यावरच्या पाइपांपर्यंत पोचायला एक लाकडी झाकण होतं. मी हात वर केला. चारी कडांनी कोमट हवा वर निघून चालली होती. आत्याच्या दोन तासांच्या हीटरची सगळी ऊब माळ्यावरच्या कबुतरांच्या सेवेला! आम्ही झाकणाच्या कडांना रबर लावलं, त्याच्या पाठीवर जाड थर्माकोल बसवला, दारांच्या वरच्या फटीही बुजवल्या. बाहेर थंडी तशीच होती, पण शुक्रवारी एकोणीस. शनिवारीही एकोणीस.

रविवारी सकाळी नऊ वाजता बाबा आले. कोट, स्वेटर, मफलर, कानटोपी आणि हातात रिकामी बॅग. हीटर बंद होता.

"गुरुवारी सोळा झालं होतं ना?" ते बसायच्या आधीच म्हणाले.

"झालं होतं."

"म्हणजे हरलीस."

"हरले."

"मग चल."

"नाही येत."

बाबांनी कानटोपी काढून टेबलावर आपटली. "शब्द दिला होतास!"

"दिला होता. मोडतेय. आयुष्यात पहिल्यांदा मोडतेय. आता घर राखायचं कसं ते मला कळलंय, आणि कळल्यावर ते सोडून जाण्याइतकी मी खुळी नाही."

बाबा तावातावाने बोलू लागले. हे घर म्हणजे बर्फाची पेटी आहे असं सांगताना त्यांनी मफलर सोडला. या वयात एकटं राहणं म्हणजे आत्महत्या आहे म्हणताना कोट उतरवला. डॉक्टरांचा दाखला देता देता स्वेटर डोक्यातून ओढून काढला आणि कपाळ पुसलं. आत्या एकेक कपडा नीट घडी करून मांडीवर ठेवत होती. मी हसू दाबून भिंतीकडे तोंड केलं.

मग बाबांचं लक्ष तिच्या मांडीवरच्या कपड्यांकडे आणि आपल्या नुसत्या शर्टाकडे गेलं. ते म्हणाले, "ताई, दार फोडताना मला वाटलं होतं, तू गेलेलीच असशील." आत्याने मांडीवरचे कपडे बाजूला ठेवले आणि खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"ही किल्ली ठेव," ती म्हणाली. "रोज सकाळी सातला फोन कर. नाही उचलला तर ये. पण मी इथेच राहणार. मरेन तेव्हा मरेन, माझ्या घरात मरेन."

तिने बाबांची बॅग उघडली. आत रबराच्या पट्ट्यांचं भेंडोळं, कात्री आणि उरलेलं थर्माकोल भरलं.

"हे काय?"

"तुझ्या घरी दोन-दोन हीटर चोवीस तास चालतात आणि तरी तू टोपी घालून जेवतोस. उद्या येते. संध्याकाळी मला इथे परत आणून सोडायचं."

बाबा नुसत्या शर्टावर उभे होते. कपडे हातावर घेतले, बॅग उचलली आणि दारात थांबले.

"न्यायला किती वाजता येऊ?"

"आठला," आत्या म्हणाली. "आणि स्टूल काढून ठेव."