सतरा माणसांची टाकी

सौदीतल्या दम्मामला थंडी कधी पडणार हे आख्ख्या शहरात एकाच माणसाला कळायचं, आणि तो ते आभाळाकडे बघून नव्हे, संडासाच्या टाकीला कान लावून सांगायचा. आम्ही त्यांना खालचे काका म्हणायचो. आमच्या जुन्या दुमजली व्हिलात पाच बिऱ्हाडं होती, सगळी बाबांच्या कंपनीतली. काका त्याच कंपनीत पाइप फिटर, मूळचे गुहागरकडचे. इतर फिटरांसारखं कॅम्पमध्ये न राहता त्यांनी आमच्या फाटकाजवळच्या खोलीत राहायचं आणि बदल्यात इमारतीचे नळ नि टाकी सांभाळायची, असं ठरलेलं होतं. नळ ते सांभाळायचे. टाकीवर त्यांचं प्रेम होतं.

आमच्या भागात तेव्हा गटाराची लाइन आलेली नव्हती. अंगणातल्या फरश्यांखाली फायबरची मोठी टाकी पुरलेली होती आणि ती भरली की पिवळा टँकर येऊन उपसून न्यायचा. बाकीच्या इमारतींत लोक ती तुंबेपर्यंत तिची आठवण काढायचे नाहीत. आमच्याकडे ऑक्टोबर सरत आला की काका रोज कामावरून आल्यावर हातपाय धुण्याआधी टाकीच्या झाकणावर पान्याने टकटक करायचे आणि गुडघ्यावर बसून कान लावायचे. मग घरोघर फिरून बातमी द्यायचे, "जड झालीय, थंडी आली. आता तेल बंद, चहाचा चोथा बंद, भाताची शितं बंद." एकदा वरच्या हैदराबादी आंटींनी बिर्याणीचं तेल मोरीत ओतलं, तर काकांना ते दोन दिवसांनी खालच्या पाइपवरून कळलं. ते टोपी काढून त्यांच्या दारात उभे राहिले. "भाभी, टँक का भी बीपी होता है." आंटी इतक्या हसल्या की पुढची सगळी वर्षं त्यांनी जुनं तेल बाटलीत भरून काकांनाच आणून दिलं.

टँकर ते नेमका दिवाळीत बोलवायचे. आई दारात रांगोळी काढत असायची आणि फाटकातून तो वास घेऊन पिवळं धूड आत शिरायचं. "अहो काका, निदान लक्ष्मीपूजनाचा दिवस तरी सोडा!"

"वहिनी, दिवाळीला साफसफाई नको काय?" काका म्हणायचे. आई उदबत्त्यांचा आख्खा पुडा पेटवायची.

टँकरवाल्या पठाणाला टाकी तळापर्यंत उपसून निघून जायची घाई असायची आणि काका पाइपवर पाय ठेवून ओरडायचे, "बस! खलास! हातभर रहने दो!" याचं कारण त्यांनी मला फार मन लावून समजावलं होतं. थंडीत तिथे दोन-चारदाच पाऊस पडतो, पण समुद्र जवळ असल्यामुळे तेवढ्यानेही जमिनीखालचं पाणी चढतं. टाकी पूर्ण रिकामी असेल तर ते पाणी तिला खालून उचलतं. शेजारच्या व्हिलात हे झालेलं मी पाहिलं होतं. अंगणातल्या फरश्या पापडासारख्या फुगल्या होत्या आणि मधून टाकीचा टाळू वर आला होता. "रिकामी वस्तू जमिनीत राहत नाय गो," काका म्हणाले होते. "थोडं वजन पोटात लागतंच."

मी तेव्हा चौथीत होते आणि कुणाशी फारशी बोलत नव्हते. टँकर आला की मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून बघायची. काकांना मात्र मी कामाची वाटत होते, कारण माझं इंग्लिश मीडियम. उपसा झाला की झाकण बसवायचं, कडेने पुट्टी भरायची, पावसाचं पाणी दुसरीकडे वळावं म्हणून विटांची ओळ लावायची, आणि शेवटी भिंतीवर खडूने टाकीचं नाव नि घरातली माणसं लिहायची. माणसांच्या आकड्यावरून ते पुढच्या टँकरची तारीख काढायचे. त्या वर्षी त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "लिही, सेफ्टी टँक."

मी 'सेप्टिक' लिहिलं.

"हे काय?"

"काका, सेफ्टी नाही. सेप्टिक असतं."

"म्हणजे काय?"

"सडलेलं."

"आणि सेफ्टी म्हणजे?"

"सेफ्टी म्हणजे... सेफ."

"मग?" त्यांनी तळहाताने माझा शब्द पुसला. "सतरा माणसं हिच्या जिवावर राहतात आणि तू तिला सडलेली म्हणतेस? लिही, सेफ्टी."

मी लिहिलं. पण सतरावर अडले. मला मराठी आकडे नीट येत नव्हते. "सतरा म्हणजे सेव्हन्टीन ना? काका, आपण सिक्स्टीन आहोत." मी बोटांवर मोजून दाखवलं: पाच घरांतले पंधरा आणि काका.

"आमची ही नाय का? थंडीची येणाराय ती. उन्हाळा तिला झेपायचा नाय."

बाबांनी मला मग सांगितलं की ते इतकं सोपं नव्हतं. काका फिटर होते, पण त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, पहिल्या दिवसापासून चुकून 'हमाल' असं पडलं होतं, आणि हमालाला बायको आणायची परवानगी मिळत नाही. तेवढा एक शब्द बदलला की काकू येणार होत्या. काका दर वर्षी कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या अरब मालकाच्या, ऑफिसात जाऊन बसायचे. दर वर्षी "बुकरा, इन्शाल्ला" ऐकून परत यायचे. बुकरा म्हणजे उद्या. परत आले की काका खोलीला नवा रंग द्यायचे. एका वर्षी त्यांनी मोरीत खाली एक नळ बसवला, कारण काकूंना उभ्याने भांडी घासायची सवय नव्हती. त्यांचं लग्न झाल्याला एकवीस वर्षं झाली होती आणि सुट्ट्या धरून ते दोघं जेमतेम अडीच वर्षं एका घरात राहिले होते. हे त्यांनीच मला पुट्टी मळता मळता सांगितलं, एखाद्या पाइपची लांबी सांगावी तसं.

मी दर थंडीत सतरा लिहीत गेले. पहिल्या पावसात खडू धुऊन जायचा आणि मी पुन्हा लिहायची.

मी बारावीत असताना तो शब्द बदलला. काका इकामा घेऊन घरोघर गेले, ज्यांना अरबी वाचता येत नव्हतं त्यांनाही दाखवला. ऑगस्टमध्ये काकूंच्या व्हिसाचा कागद आला. आईने त्यांच्यासाठी स्वेटर काढून ठेवला. सप्टेंबरात गावाहून फोन आला की काकूंना ताप आहे, आणि आठव्या दिवशी त्या गेल्याचा फोन आला. काकांचा पासपोर्ट कफीलकडे होता आणि त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवार-शुक्रवार तिथे सुट्टी. काका पोचले तेव्हा घरी दहाव्याची तयारी चालली होती.

नोव्हेंबरात ते परत आले. डोक्यावर आखूड पांढरे केस उगवत होते. बाबा म्हणाले, "थोडे दिवस राहायचं होतंत." काका म्हणाले, "टाकीचं कोण बघणार?"

टँकर आला. मी दाराआड उभी होते. पठाणाने पाइप सोडला, पंप सुरू झाला, आणि काका पाइपकडे बघत उभे राहिले. पाण्याचा आवाज बारीक झाला, मग खरखर सुरू झाली. त्यांचा पाय पाइपवर गेला नाही. मी अनोळखी माणसासमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते. "बस!" मी ओरडले. "काका, खलास! हातभर राहू द्या!"

पठाणाने दचकून पंप बंद केला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, झोपेतून उठल्यासारखं. मग स्वतःच अंगणातला नळ सुरू करून त्यांनी टाकीत पाणी सोडलं, हातभर होईपर्यंत.

झाकण बसलं, विटा लागल्या. मी खडू घेतला आणि न विचारता 'सेफ्टी टँक' लिहिलं. खाली सवयीने १७ लिहून गेले. लक्षात आलं तशी मी तळहात भिंतीकडे नेला. काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "थंडीपुरतं."

पंधरा दिवसांनी पाऊस आला, दिवसभर. उघडल्यावर मी खडू घेऊन खाली गेले. अंगणात पाणी साचलं होतं, विटांपाशी वळून फाटकाबाहेर जात होतं. भिंत वरपासून खालपर्यंत ओली होती. फक्त आकड्याच्या वर काकांनी पत्र्याचा एक वीतभर तुकडा छपरासारखा ठोकला होता, आणि त्याखाली सतरा कोरडे होते.