देस्पिनाच्या गावची पाहुणी

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, तेव्हा मालूबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. नाणेघाटाच्या पायथ्याला त्यांची वाडी. मुरबाडची एसटी डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून पुढे चढ. तो चढून पोलिसाला चांगलाच घाम फुटला होता. मालूबाईंनी आधी त्याला पाणी दिलं.

"परदेशात कशाला जायचंय, मावशी?"

"एका बाईचं उपकार मानायचं हायेत."

"मग फोन करा की."

"फोनवर मानून झालं," मालूबाई म्हणाल्या. "मन भरत नाय."

पोलीस हसला आणि कागदावर त्याने 'मुलीला भेटण्यासाठी' असं लिहिलं. तेही खोटं नव्हतं. मालूबाईंची मुलगी प्रेमा आश्रमशाळेत शिकली, कल्याणला नर्स झाली आणि दोन वर्षांपूर्वी सायप्रसला गेली. भूमध्य समुद्रातलं ते एक बेट. त्याच्या पश्चिमेला पाफोस नावाचं जुनं बंदर आहे, रोमन लोकांच्याही आधीपासूनचं. तिथल्या एका वृद्धाश्रमात प्रेमाला काम मिळालं.

गेली आणि महिन्याभरात प्रेमाला कांजण्या झाल्या. कामावर जाता येईना. खोलीतल्या दोघी मुलींना लागण होऊ नये म्हणून त्या दुसरीकडे राहायला गेल्या. परक्या देशात, थंडीच्या दिवसांत, पोर एकटी तापाने फणफणलेली. इकडे वाडीत फोनला रेंज नाही. मालूबाई संध्याकाळी टेकाडावरच्या मोहापाशी जायच्या आणि व्हिडिओ लावायच्या. पहिल्या दिवशी पोरीचं तोंड फोडांनी भरलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी फोनमध्ये एक अनोळखी बाई आली. पांढरे केस, जाड भुवया, अंगात काळा स्वेटर. तिने मालूबाईंसमोर एक वाडगा धरला आणि उलटा करून दाखवला. रिकामा होता. मागून प्रेमाचा आवाज आला, "आये, या देस्पिना. खालच्या घरात राहतात. मला त्यांनी खाली आणलंय. लिंबू पिळलेली भाताची पेज पाजली."

त्यानंतर प्रेमा बरी होईपर्यंत रोज हेच. तिकडे दुपार असायची, इकडे गुरं परतायची वेळ. देस्पिनाबाई रिकामा वाडगा दाखवायच्या, मालूबाई दोन्ही हात जोडायच्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

पुढच्या वर्षी प्रेमाने आईबापाला बोलावलं. बाप जैतू म्हणाला, "तू जा. दोघंबी गेलो तर शेळ्या काय इमानात घालायच्या?" मग मालूबाई एकट्याच निघाल्या. बरोबर नाचणीचे पापड, तांदळाचं पीठ आणि स्वतः शिवलेली गोधडी. प्रेमाने फोनवर एक शब्द शिकवला होता: एफ्खारिस्तो. म्हणजे आभारी आहे. शेळ्या चारताना मालूबाई तो घोकायच्या. जैतूलाही पाठ झाला होता.

मार्च महिना होता. पाफोसला गारवा होता, पण ऊन छान पडलेलं. देस्पिनाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना पाहिलं आणि मालूबाईंचा शब्द कुठल्या कुठे गेला. काही सुचेना, म्हणून त्या पाया पडायला वाकल्या. ही बाई काय शोधतेय असं वाटून देस्पिनाबाईही वाकल्या आणि दोघींची डोकी आपटली. कपाळ चोळत दोघी इतक्या हसल्या, की प्रेमाला मध्ये पडून त्यांना घरात न्यावं लागलं. गोधडी उघडल्यावर मात्र देस्पिनाबाईंनी ती मांडीवर पसरली. एकेका ठिगळावरून हात फिरवत राहिल्या. निळ्या चौकड्यांच्या तुकड्यावर बोट ठेवून प्रेमाने सांगितलं, "हा माझ्या शाळेच्या फ्रॉकचा."

तिसऱ्या दिवशी प्रेमाला ड्युटी होती. "आज मी दाखवते हिला गाव," देस्पिनाबाई म्हणाल्या. प्रेमाला काळजी वाटली. "आये, तुला समजणार कसं?"

"तापात तुला समजत होतं का? तरी जेवलीस ना?" मालूबाई म्हणाल्या.

अशा दोघी निघाल्या. मालूबाईंच्या गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याखाली प्रेमाने घेतलेले कॅनव्हासचे बूट, वर देस्पिनाबाईंचा स्वेटर. आधी त्या जुन्या खणलेल्या गावात गेल्या. नुसते चौथरे, मोडके खांब आणि मधूनमधून पिवळी रानफुलं. एका मोठ्या शेडखाली लाकडी पुलावरून खाली बघायचं होतं. खाली जमीन होती, पण ती सगळी चित्रांची, रंगीत दगडांचे बारीक तुकडे एकाला एक लावून केलेली. द्राक्षांचे घड, मोर, शिकारी, बैलगाडी. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरातली ती जमीन होती. मालूबाई बैलगाडीपाशी बराच वेळ थांबल्या. बैल त्यांना ओळखीचे वाटले. "जू नीट बसलंय," त्या मराठीत म्हणाल्या. देस्पिनाबाईंनी ग्रीकमध्ये काहीतरी उत्तर दिलं. दोघींचं समाधान झालं.

मग बंदर. रंगीत होड्या, जाळी उन्हात पसरून बसलेले कोळी, टोकाला दगडी किल्ला. मालूबाईंनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, अलिबागला. तो गढूळ होता. इथलं पाणी इतकं नितळ, की तळ दिसत होता. किल्ल्याजवळच्या धक्क्यावर देस्पिनाबाईंनी त्यांचा हात धरला आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

पाण्याखाली दगड होते. घडवलेले, चौकोनी, एका रांगेत लावलेले. जुन्या बंदराचा धक्का होता तो, कधीचा बुडालेला. त्यावर शेवाळ डुलत होतं, मासे आत-बाहेर करत होते.

मालूबाई धक्क्यावर बसल्या त्या उठेचनात. त्यांना रडू आलं. देस्पिनाबाई घाबरल्या, कुठे लागलं का म्हणून पाय चाचपू लागल्या. मालूबाईंनी मान हलवली आणि बोलायला सुरुवात केली. मराठीत, आपल्या वाडीच्या बोलीत. समोरचीला कळत नाही हे ठाऊक असूनही त्या बोलत राहिल्या. त्यांचं माहेर शहापूरकडचं. त्या लहान असताना भातसाचं धरण झालं आणि त्यांचा पाडा पाण्याखाली गेला. बापाने कौलं काढून घेतली होती, पण जोतं तिथेच राहिलं. आईने लावलेली शेवग्याची दोन झाडं तिथेच राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती दिसतात असं लोक सांगायचे. त्या कधी बघायला गेल्या नाहीत. हे त्यांनी जैतूलाही कधी इतकं सांगितलं नव्हतं.

देस्पिनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उत्तरेकडे हात करून त्याही बोलू लागल्या. आवाज चढला, उतरला, मध्येच थांबला. शेवटी एका कट्ट्यावर दोघी शेजारी बसून राहिल्या. बरोबर आणलेली भाकरी आणि खारवलेली ऑलिव्हची फळं खाल्ली. ड्युटी संपवून प्रेमा शोधत आली, तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. प्रेमाला वाटलं, भांडण झालं.

मग प्रेमाने इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगितलं. देस्पिनाबाई नऊ-दहा वर्षांच्या असताना बेटावर युद्ध झालं, बेटाचे दोन भाग पडले. त्यांचं गाव पलीकडे गेलं. आई-बाप, चार भावंडं अंगावरच्या कपड्यांनिशी इकडे आली. मागे लिंबाची बाग राहिली. पुष्कळ वर्षांनी सीमेवरून ये-जा सुरू झाली, तेव्हा त्या एकदाच गेल्या. घरात दुसरं कुटुंब राहत होतं. त्या बाईने त्यांना कॉफी पाजली आणि निघताना त्यांच्याच बागेतली लिंबं पिशवीत घालून दिली.

"तिचा राग आला का, विचार," मालूबाई म्हणाल्या.

प्रेमाने विचारलं. देस्पिनाबाई म्हणाल्या, "जाताना होता. पण तीही कुठून तरी उठूनच आली होती. तिने बसायला खुर्ची दिली."

मालूबाईंनी मान डोलावली. "आमी मुरबाडकडं आलो तवा आमच्यापाशी भाताचं बी नव्हतं. तिथल्या वाडीतल्या बायांनी सुपं भरून दिलं. आये म्हणायची, ते सूप इसरू नका."

प्रेमाने हे देस्पिनाबाईंना सांगितलं. "तुम्ही माझ्यासाठी केलंत, त्याबद्दल ती बोलतेय," असं तिने आपल्या मनाने पुढे जोडलं. देस्पिनाबाईंनी हात झटकला. त्या इकडे आल्या तेव्हा, म्हणाल्या, त्यांनाही याच बंदरावरच्या एका कोळणीने ठेवून घेतलं होतं. आजारी पोरीला जेवू घालायला कुणी शिकवावं लागतं का?

तेव्हा मालूबाईंना तो शब्द आठवला. "एफ्खारिस्तो," त्या म्हणाल्या. अगदी सावकाश, एकेक अक्षर सांभाळून. शेजारी जाळं गुंडाळणाऱ्या कोळ्याने मान वर करून पाहिलं आणि हसून टोपी काढली.

पाफोसहून मालूबाई एप्रिलमध्ये परतल्या. वाडीतल्या बाया जमल्या. काय काय बघितलं, विमानात भीती वाटली का, गोऱ्या माणसांनी काय खायला घातलं. मालूबाईंनी सगळं सांगितलं. माहेराचं मात्र त्या फक्त भावाशी बोलल्या. भाऊ पंढरी आता आटगावजवळ राहतो. मेअखेरीस पाणी खाली गेल्याची खबर त्यानेच दिली.

एका सकाळी दोघं धरणाजवळच्या भातसानगरच्या बाजूने गेली. ओळखीच्या एका माणसाने काठाकाठाने पलीकडे नेलं. तडकलेल्या चिखलात जोत्यांच्या ओळी उघड्या पडल्या होत्या. आपलं कुठलं, यावर दोघांचं एकमत होईना. पंढरी म्हणे हे, मालूबाई म्हणत ते. शेवटी एका जोत्याजवळ मालूबाईंना दगडातलं उखळ दिसलं. त्याला एका बाजूने कड तुटलेली होती.

"हेच," त्या म्हणाल्या. "ही कड तूच फोडलीस. आयेनं तुला बडवलं होतं."

"मला कसं आठवंल गो? मी रांगत व्हतो."

"रांगतच फोडलीस."

मालूबाईंनी चिखल झाडून उखळ स्वच्छ केलं आणि नारळ फोडून त्यापाशी ठेवला. पंढरीने उखळ घरी न्यायची गोष्ट काढली. दोन माणसं बोलावून नेता येईल, म्हणाला. मालूबाईंनी त्याला उचलू दिलं नाही. जोत्याच्या कडेला बसून दोघांनी खोबरं खाल्लं. मग मालूबाईंनी फोन काढून बघितला. तिथे रेंज होती. त्यांनी देस्पिनाबाईंना व्हिडिओ लावला आणि फोन गोल फिरवून जोत्यांच्या सगळ्या ओळी दाखवल्या.

तिकडून देस्पिनाबाईंनी काहीतरी विचारलं. प्रेमा नव्हती, त्यामुळे काय ते कळलं नाही. तरी मालूबाई सांगत राहिल्या, "ही शेवग्याची जागा. हे आमचं दार. आणि हा बघा माझा भाऊ."

पंढरीने घाईघाईने डोक्यावरची टोपी सारखी केली.