अर्धा तेर्स

ज्या वर्षी मला पाच भाषांत ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणता येऊ लागलं, त्याच वर्षी माझी प्रार्थना सुटली. हे तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती.

मी भुईगावची. घरामागे केळीची वाडी, विहीर, चार चाफ्याची झाडं. तिथून निघून मी दूरच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात भाषा शिकायला गेले. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, मग फ्रेंच आणि शेवटी हौसेने अरबी. पवित्र ग्रंथ मूळ भाषेत वाचावा ही इच्छा खरी होती. पण खोटं कशाला बोलू, गावात ‘ती बघा पाच भाषांवाली’ म्हणतात, हेही मला आवडायचं. पप्पा तेवढे थट्टा करायचे. “पाच भाषा शिकलीस, पण भांडतेस मात्र आपल्याच बोलीत,” म्हणायचे. विद्यापीठात दिवसभर शब्दांची चिरफाड चालायची. प्रार्थनेला बसलं की ओठ हलायचे आणि डोकं क्रियापदांची रूपं शोधत बसायचं. हळूहळू मी चॅपेलमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागले आणि पुढे जाणंच बंद केलं. देव ऐकतो का, हा प्रश्नसुद्धा मला पडेनासा झाला.

अशातच पप्पांना पक्षाघात झाला. विद्यापीठाने काही आठवड्यांची रजा दिली आणि मी धावत घरी आले. पप्पांनी मला ओळखलं. डावा हात माझ्या गालावर ठेवला, डोळे भरून आले, पण तोंडातून ‘ता, ता’ एवढाच आवाज निघाला. विहिरीवर उभं राहून तिसऱ्या वाडीतल्या माणसाशी गप्पा मारणारा हा माणूस! डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, सराव करत राहा, नक्की काही सांगता येत नाही.

सराव म्हटल्यावर मला हुरूप आला. भाषांचंच तर माझं शिक्षण होतं. मी चित्रांची कार्डं केली. केळं, पाणी, खुर्ची, खिडकी. दादा-वहिनी कामावर गेले की मी पप्पांसमोर स्टूल ओढून बसायची. “म्हणा पप्पा, पाणी. पा-णी.” ते माझ्या तोंडाकडे बघायचे, प्रयत्न करायचे, घामाघूम व्हायचे आणि शेवटी भिंतीकडे तोंड फिरवायचे. तरी मी सोडायची नाही. रजेचे दिवस संपत आले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चांगल्या हाताने सगळी कार्डं खाली लोटून दिली. मी त्यांच्यावर ओरडले. आजारी बापावर ओरडले, आणि तेही आपल्याच बोलीत. मग विहिरीच्या कठड्याशी जाऊन रडले. तिथे जे बोलले त्याला प्रार्थना म्हणवत नाही, भांडणच होतं ते. “माझ्या पाचही भाषा काढून घे,” मी देवाला म्हणाले, “पण त्यांना एक तरी दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक अनोळखी बाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत करांदे, कोनफळं असे कंद. चंदनसारच्या पलीकडच्या गावातली होती. साठी उलटलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू. “बाय, वाईच पानी दे गं,” म्हणत ती ओटीवर टेकली. पप्पा तिथेच आरामखुर्चीत होते. ती त्यांच्याशी दोन-तीन वाक्यं बोलली आणि उत्तर येईना तसं माझ्याकडे पाहिलं. मी झालं ते सांगितलं.

तिने आत डोकावून बघितलं. आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, आईचा फोटो, फोटोला लटकलेली जपमाळ. “तुमच्यात सांजचं म्हनतात ना? तेर्स?” मी म्हटलं, आई होती तोवर म्हणायचो. खरंच, आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिच्या मागे घरातला तेर्स, जपमाळेवरची ती सांजेची प्रार्थना, कधी थांबला, आम्हा कुणाला कळलंही नव्हतं.

“मला येतो,” ती अभिमानाने म्हणाली. “पोर व्हते तवा गास गावाला एका वाडीत कामाला व्हते. फुलं बांधता बांधता मालकीन अर्धं म्हनायची, अर्धं आमी पोरी. आमचा देव निराळा, पन पाठ झालं ते झालं.” आणि गंमत म्हणून तिने खरोखरच सूर लावला. ‘नमो मरिया’ची पहिली ओळ, दोन शब्द इकडचे तिकडे झालेले, पण चाल अगदी आईच्या वेळची. अर्ध्यावर येऊन ती थांबली.

पुढचं माझ्या ओठांवर आलंच होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. “तू गप. ते अर्धं त्यांचं हाय.”

ती पप्पांकडे वळून बसली. मग खुर्चीतून घोगरा, अडखळता आवाज आला. “पवित्र मरिये... देवाच्या माते...” पप्पा म्हणत गेले, थेट आमेनपर्यंत. मला हुंदका आवरेना. ती बाई मात्र अजिबात चकित झाली नाही. तिने दुसऱ्यांदा सुरुवात केली, पप्पांनी दुसऱ्यांदा उत्तर दिलं. मग पाणी पिऊन पाटी उचलली आणि मला करांदे नीट उकडायला बजावून ती चालू लागली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की कधी कधी तोंडपाठ असलेलं मागे उरतं. असेल तसंच. मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण त्या दुपारी तिला आमच्याच ओटीवर तहान लागली, याबद्दल मी देवाचे आभार मानते आणि मानत राहीन. तीस वर्षं आमच्या घरात सुरुवात आई करायची आणि उत्तर पप्पा द्यायचे. मी मात्र त्यांच्यासमोर बसून सगळंच स्वतः बोलत होते आणि ‘माझ्यामागे म्हणा’ म्हणत होते. देवाशीही माझं तेच चाललं होतं. त्याने बोलावं एवढी जागाच मी ठेवली नव्हती.

त्या संध्याकाळपासून घरात तेर्स पुन्हा सुरू झाला. रजा संपली तेव्हा पप्पांना सोडून जायला माझा जीव होईना. पण बरं करणारी मी नव्हतेच, हे आता कळलं होतं. मी गेले. रोज सांजेला वहिनी फोन लावून त्यांच्याजवळ ठेवते. मी इकडून अर्धं म्हणते आणि थांबते. थांबणं फार कठीण जातं. कधी उत्तराला उशीर होतो, जीव वरखाली होतो, पण मी त्यांचं अर्धं घेत नाही.

परवा तेर्स संपला. शेवटचं आमेन झालं, आणि वहिनी फोन उचलेल म्हणून मी वाट बघत होते. कुणीच बोलेना. मीही बोलले नाही. मग पप्पांचाच आवाज आला. हा शब्द कुठल्याही प्रार्थनेतला नव्हता, कुणी सुरुवात करून दिलेला नव्हता.

“जेवलीस?”

“हो पप्पा, जेवले,” मी म्हणाले. खरं तर जेवले नव्हते.